गळ घेऊन खाडीवर जायचं तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरात एकच विषय असतो. कोणी महाबळेश्वर म्हणतं, कोणी हैदराबाद. या वर्षी मात्र पोरांनी आणि त्यांच्या दादांनी मिळून ठराव मंजूर करून घेतला आहे की जायचं ते दाभोळच्या खाडीवर, आणि जायचं ते मासे गरवायला. नुसतं समुद्र बघायला नव्हे. माझ्या सासऱ्यांचं बालपण वाशिष्ठीच्या काठी गेलं. आता वय शहात्तर, एका डोळ्यानं कमी दिसतं, पण तंगूस बोटावर घेतला की मासा आमिष चाटतोय की गिळतोय हे त्यांना आजही कळतं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते नातवंडांच्या बोटांत उतरायचं असेल तर होडीत एकत्र बसावं लागेल, आणि त्याला आता फार वर्षं हातात आहेत असं मी धरून चालत नाही.

म्हणून या महिन्याच्या पानात अशा सुट्टीची आखणी कशी करायची ते लिहिते. आपल्यातली कितीतरी कुटुंबं मूळची कोकणातली, गावाला घर किंवा निदान नातेवाईक असलेली. पण गावाला जाणं म्हणजे लग्न, मयत आणि जमिनीची कामं एवढंच उरलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या : सुट्टी कोणाची? पुरुषांनी पहाटे होडी काढायची, दुपारी मासळीची टोपली ओट्यावर आणून ठेवायची आणि बायकांनी संध्याकाळपर्यंत खवलं काढत बसायचं, याला मी सुट्टी म्हणत नाही. जागा बदलून केलेला तोच स्वयंपाक आहे तो. आमच्याकडे ठरलं आहे की जो पकडेल तो साफ करेल. मिस्टरांनी मान हलवली आहे. माझी चौदा वर्षांची मुलगी तर म्हणते, साफ करायलाही शिकव, पण पहिली जागा होडीत मला. गळ टाकणं हे ताकदीचं काम नाही, सबुरीचं आहे. डोक्यावर ओढणी आणि पूर्ण बाह्यांचा कपडा उन्हातान्हात उलट सोयीचाच पडतो. खाडीकाठच्या बाया तर पिढ्यानपिढ्या सुकतीला खडकावरची कालवं फोडत आल्या आहेत. दर्या फक्त पुरुषांचा आहे ही शहरात राहून झालेली समजूत आहे.

आता तारीख. इथे बहुतेक लोक शाळेची सुट्टी आणि रेल्वेचं तिकीट बघतात. तिकीट बघावंच लागतं, साठ दिवस आधी आरक्षण उघडतं आणि कोकण रेल्वेच्या चिपळूण, खेडच्या जागा दिवाळीत पाहता पाहता संपतात. पण खाडीवर जायचं तर आधी चंद्र बघायचा असतो.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि मधे जोरात धावतं. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात : तिथीला पाऊण तासानं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, त्या दिवशी पूर्ण भरती साधारण सहाला. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती आणि पुन्हा तेवढ्याच वेळानं दुसरी भरती. रोज वेळ पाऊण तासानं किंवा थोडी जास्त पुढे सरकते. पाचवीच्या वर्गात पाऊणकीचा पाढा शिकवताना मुलं विचारतात, टीचर, याचा उपयोग काय? घ्या उपयोग.

आणि आपल्या घरात तर हा हिशोब भिंतीवर टांगलेलाच असतो. हिजरी कॅलेंडर पूर्णपणे चंद्रावर चालतं. चांद दिसल्यावर महिना सुरू होतो म्हणून चांदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, एवढा फरक धरला की झालं. चौदा-पंधरा चांद म्हणजे उधाण, सहा-सात चांद म्हणजे भांग. अब्बांना मराठी तिथी विचारली तर ते क्षणभर थांबतात, चांद विचारला तर भरतीची वेळही सोबत सांगतात.

दिवाळी अमावस्येला येते. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवसांत खाडीला उधाण. लहान मुलं बरोबर असतील तर हे दिवस टाळावेत. पाण्याचा जोर इतका असतो की शिसं तळाला टिकत नाही आणि पाण्यात पडलेलं माणूस पाहता पाहता लांब जातं. आठवडाभर थांबलं की भांग येतो. पण भांगाला पाणी मंद, मासाही आळसावलेला, असं अब्बांचं मत. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला : दशमीच्या आसपासचे तीन दिवस. पाणी पुन्हा हलायला लागलेलं असतं, पण भांडायला आलेलं नसतं. दशमीला भरती सकाळी साडेसातला. फजर पढून, चहा पिऊन, चढत्या पाण्याबरोबर होडी धक्क्यावरून काढायची आणि पाणी वळलं की गळ टाकायचा. सुकतीच्या चिखलातून मुलांना खांद्यावर घेऊन होडीपर्यंत जायची वेळ येत नाही.

मे महिन्याची सुट्टी जास्त मोठी असते हे खरं, पण महिन्याच्या शेवटी वारा फिरतो आणि दर्या खवळू लागतो. आणि 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ही बंदी नुसती वादळासाठी नाही, पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ आहे. नेमका तेव्हाच खाडीत मासा दिसतोही भरपूर, गाभोळीनं भरलेला. अशा वेळी मला सूरह आराफमधल्या त्या समुद्रकाठच्या वस्तीची आठवण येते. त्यांच्या बंदीच्या दिवशीच मासे पाण्यावर यायचे, इतर दिवशी यायचे नाहीत, आणि लोकांनी त्यातून पळवाटा काढल्या. परीक्षा तिथेच असते जिथे मासा हाताशी असतो. तेव्हा पावसाळ्यात “गुपचूप नेतो, चला” म्हणणारा होडीवाला भेटला तरी जाऊ नका.

आता माशाबद्दल. दाभोळच्या खाडीत गळाला शिंगाळे लागतात, तांबोशी लागते, खडकाच्या बाजूला गोबरा लागतो. पण गरवणाऱ्यांच्या मनात असतो तो जिताडा. रायगडात जिताडा, गोव्याकडे चोणक, कोलकात्यात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी, मासा एकच. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या निर्मनुष्य नद्यांवर या एका माशासाठी लोक विमानं करून जातात. आपल्या वाशिष्ठीत तो दारात येतो.

त्याचं आयुष्य वर्गात सांगण्यासारखं आहे. जिताड्याची वीण होते खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर वर सरकतात, कांदळवनात, खाजणात, अगदी गोड्या पाण्यापर्यंत जातात आणि तिथे वाढतात. मोठे झाले की विणीसाठी पुन्हा खाली येतात. आणखी नवल म्हणजे बहुतेक जिताडे आयुष्याच्या सुरुवातीला नर असतात आणि काही वर्षांनी, अंगानं मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे फोटोसाठी हातात धरलेला तो भला मोठा जिताडा ही जवळजवळ नेहमी मादी असते, लाखो अंडी घालणारी. म्हणूनच क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा बॅरामुंडी ठेवू देत नाहीत. महाराष्ट्रातही 2023 मध्ये शासनानं 54 जातींच्या समुद्री जीवांसाठी किमान आकार ठरवून दिला. आमच्या घरी नियम सोपा : हातभरापेक्षा लहान असेल तर परत, आणि दोघांनी मिळून उचलावा लागला तरी परत. दुसऱ्या कलमावर धाकटे दीर अजून नाराज आहेत.

परत सोडण्यावरून घरात जी चर्चा झाली ती इथे द्यायला हवी, कारण ती आपल्या वाचकांच्या घरीही होईल. सूरह माइदाच्या 96व्या आयतीत समुद्रातली शिकार आणि तिथलं अन्न हलाल ठरवलं आहे, आणि त्यात प्रवाशांचा वेगळा उल्लेख आहे. माशाला जबह करावं लागत नाही. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. पण परदेशी व्हिडिओंत दिसतं तसं, खायचं नाही, नुसता पकडायचा, जबडा भोसकायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, दिवसभर तेच, हे माझ्या मनाला पटत नाही. हजरत पैगंबर सल्ल. यांनी जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य बनवायला मनाई केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मासा हा काही त्या नियमाबाहेरचा जीव नाही. आम्ही खाण्यासाठी पकडतो. लहान किंवा फार मोठा लागला तर सोडतो, तो त्याच्या पुढच्या पिढीसाठी, आपल्या करमणुकीसाठी नव्हे. दिवसाला घरच्यांना पुरतील एवढे झाले की दोऱ्या गुंडाळायच्या, मग भरती कितीही रंगात असो.

याच कारणानं जिवंत कोळंबी किंवा जिवंत किडा गळाला टोचणं आलिम नापसंत करतात. ताजी पण मेलेली कोळंबी चालते, नकली मासाही चालतो. गळाची उलटी नांगी पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडताना त्याला कमी इजा होते, आणि मुलाच्या बोटात गळ गेला तर तोही सहज निघतो. ठेवायचा मासा होडीच्या तळाशी तासभर तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक नेमका टोला आणि मग बर्फ.

मी माहेरची सोलापूरची, हनफी. सासर कोकणी, शाफई. त्यामुळे आमच्या दस्तरखानावर खाडीच्या काठी दोन फिकह शेजारी शेजारी बसतात. कालवं आणि तिसऱ्या त्यांच्याकडे आवडीनं खातात, मी मासा आणि कोळंबीवर थांबते. चिंबोरीवरून तर शाफई आलिमांतही मतभेद आहेत, म्हणून सासूबाई तिला घरात येऊच देत नाहीत. आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा हनफींत खात नाहीत, शाफईंत चालतो. पण या खाडीत तो कोणीच खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण फिकहमध्ये नाही. लोटे परिसरातल्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी खाडीत येऊन मासे मरतात, ही तक्रार इथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. जायच्या आधी गावात फोन करून विचारा : सध्या पाणी कसं आहे, लोक स्वतः खाडीची मासळी खातायत का? ते खात नसतील तर तुम्हीही खाऊ नका.

नमाजचं गणित घरातच ठरवून निघा. मुंबई-ठाण्याहून दाभोळ दोनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे कसरचं अंतर दोन्ही मसलकांत पार होतं. शाफईंना प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची सवलत आहे, हनफींना नाही. मुक्कामाचं मात्र वेगळं आहे. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायची नियत असेल तर शाफई माणूस मुसाफिर राहत नाही, हनफींत ही मुदत पंधरा दिवसांची. आणि गाव हेच ज्यांचं मूळ वतन, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. अब्बांसाठी आम्ही इमामसाहेबांना विचारून घेतलं, तुम्हीही आपल्या घरापुरतं विचारून घ्या. होडीवर जाताना असरची वेळ कुठे गाठेल हे बघून परत फिरायची वेळ ठरवायची.

वजूबद्दल काळजीनं लिहिते. समुद्राचं पाणी पाक आहे. समुद्रावर जाणाऱ्या माणसानं, जवळ पिण्याचं पाणी थोडं असतं तर खाऱ्या पाण्यानं वजू करावा का, असं विचारल्यावर हुजूर सल्ल. यांनी ते पाणी पाक करणारं असल्याचं सांगितलं. ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी दोन्हींत आहे. पण वाशिष्ठीच्या काठावर उकिडवं बसून वजू करू नका. या खाडीत मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि चिपळूणकडच्या भागात त्या दाखवायला होड्याही नेतात. मगर माणसाच्या मागे लागत फिरत नाही. पण पाण्याच्या कडेला खाली वाकलेली, हात बुडवलेली आकृती तिला सावजासारखीच दिसते. बादलीला दोरी बांधा, धक्क्यावरून किंवा होडीतून पाणी ओढा आणि वर बसून वजू करा. मासेही काठावर साफ करायचे नाहीत. आतडी आणि रक्त पाण्यात टाकणं म्हणजे मगरीला दावत देणं आहे. पोहणं तर नाहीच.

चिखलातले इतर पाहुणे लहान पण त्रासदायक. शिंगाळ्याच्या पंखाचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा काटा दोन्ही विषारी. सुकतीला पाण्यात चालावं लागलंच तर पाय उचलून टाकू नका, घसटत न्या, म्हणजे पाकट आधीच सरकतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्यानं वेदना उतरते, आणि मग डॉक्टर. खाडीच्या आतल्या वाड्यांतून मोठं इस्पितळ म्हणजे चिपळूण किंवा दापोली. मोबाइलची रेंज असेलच असं नाही. तेव्हा घरी राहणाऱ्याला सांगून निघायचं : कुठल्या बाजूला जातोय आणि कुठल्या भरतीला परत येतोय. अब्बांची रक्तदाबाची गोळी दुप्पट घेतली आहे, अर्धी माझ्या पर्समध्ये, अर्धी मुलीच्या दप्तरात.

होडीवाला निवडताना दर शेवटी विचारा. आधी विचारा की लाइफ जॅकेट किती आहेत, आणि ती आदल्या दिवशी बघून या. फाटकी, पट्टा नसलेली जॅकेटं म्हणजे शोभेची उशी. लहान मुलाच्या मापाचं त्याच्याकडे बहुधा नसेल, ते शहरातूनच घेऊन जा. जितक्या जॅकेटं तितकी माणसं, एकही जास्त नाही, मग पाहुणा रुसला तरी चालेल. पैसे तासावर न ठरवता भरतीवर ठरवा, म्हणजे त्यालाही घाई नाही आणि तुम्हालाही. ठरलेल्यात नंतर घासाघीस करू नका. मासा लागो न लागो, त्याचं डिझेल जळलेलंच असतं. तो “आज नको” म्हणाला तर का, असं विचारू नका. वाऱ्याचं त्याला जे कळतं ते आपल्याला हवामानाच्या ॲपवर दिसत नाही.

एक दिवस गळाशिवाय ठेवा. दाभोळ गावात बंदराजवळ जुनी घुमटाची मशीद आहे, स्थानिक लोक तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरच्या, हजला निघालेल्या एका शहजादीची कथा तिच्याशी जोडलेली आहे. एके काळी हे बंदर एवढं मोठं होतं की 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडानं आरमार आणून ते जाळलं. आज तिथून फेरीबोटीत गाडीसकट बसून पलीकडे धोपाव्याला जाता येतं. मुलांना ही बोट फार आवडते, आणि घरी राहिलेल्यांनाही खाडी बघायला मिळते.

सामान थोडं : तीन हातदोऱ्या, दोन स्वस्त रॉड, निरनिराळ्या वजनाचं शिसं, पक्कड, टोप्या, पिण्याचं पाणी अंदाजापेक्षा दुप्पट, टॉर्च, आणि तुटलेला तंगूस ठेवायला एक रिकामी बाटली. तंगूस पाण्यात टाकायचा नाही, कांदळवनात पक्ष्यांच्या पायांना तो गुंडाळतो. अब्बांनी रॉडला हात लावायला नकार दिला आहे. त्यांच्यासाठी हातदोरी आणि बोटाला बांधायला चिंधी.

होडीत जागा सहा, त्यातली एक होडीवाल्याची. पहिल्या दिवशी अब्बा, मुलगी, दीर, पुतण्या आणि मी. मिस्टर दुसऱ्या दिवशी. होडीवाल्याला मी फोनवर दशमीची सकाळ सांगितली. तो म्हणाला, “तिथी नको बाई, चांद सांगा.” मी आठ म्हटलं.